वयाला शोभेल असं : आमच्या सोसायटीच्या समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सांस्कृतिक समितीतल्या माझ्या सगळ्या मैत्रिणी,

स. न. वि. वि.

मंगळवारी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर समितीचा मेसेज आला. नवरात्राच्या नऊ रंगांची यादी, भोंडल्याची वेळ, घरटी ५०० रुपये वर्गणी, आणि सगळ्यात खाली, जोडलेल्या हातांच्या दोन चित्रांमध्ये एक ओळ : 'ज्येष्ठ भगिनींनी कृपया वयाला शोभेल असा शालीन पोशाख करावा, ही नम्र विनंती.' दहा मिनिटांत त्यावर १४ अंगठे पडले. त्यातले ९ बायकांचे. मी मोजले. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईची मोजायची खोड रिटायर झाली म्हणून जात नाही.

ती ओळ कुणाला उद्देशून आहे हे आपल्या वॉचमनलाही ठाऊक आहे. गणपतीत शेवटच्या दिवशी मी स्लीव्हलेस ब्लाउज घातला होता आणि नवव्या मजल्यावरच्या, माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या असलेल्या ताई जीन्सवर कुर्ता घालून आरतीला उभ्या होत्या. प्रसादाच्या रांगेत मागून 'म्हातारचळ' हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला. बाकी काही का असेना, कान अजून शाबूत आहेत. म्हणून नाव न घेता केलेल्या विनंतीला उघड उत्तर द्यायचं ठरवलं. ताई आधी म्हणाल्या, 'तू लिही, मी खाली सही करते.' संध्याकाळी परत फोन आला, 'सही नको गं, सूनबाई समितीत आहे.' तेव्हा हे पत्र माझ्या एकटीचं समजा.

पहिला प्रश्न अगदी कारकुनी आहे. ज्येष्ठ म्हणजे किती? इन्कम टॅक्सवाले ६० म्हणतात. एसटी अर्ध्या तिकिटाला ६५ धरते आणि ७५ नंतर फुकट नेते. रेल्वे बाईला ५८ व्या वर्षीच ज्येष्ठ ठरवायची, ती सवलत मार्च २०२० मध्ये बंद पडली. प्रत्येकानं काहीतरी आकडा दिलाय. तुमच्या ओळीत आकडाच नाही. म्हणजे बाही कितव्या वर्षी कोपरापर्यंत आणायची, पाठीचा गळा कितव्या वर्षी किती बोटं वर घ्यायचा, हे बाई बघून ठरणार. आणि बघणार कोण, तर तुम्ही. मी खजिनदार असताना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि आपले उपविधी दोनदा वाचून काढले होते. त्यात पार्किंग आहे, गळती आहे, सिंकिंग फंड आहे, बिनभोगवटा शुल्क आहे. ब्लाउजची बाही कुठं सापडली नाही.

सचिवसाहेब, रागावू नका, पण तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहात. सकाळी दुधाची पिशवी आणायला तुम्ही बर्म्युडा आणि बनियनवर लिफ्टमधून उतरता. तुमचं स्लीव्हलेस आम्हाला रोज दिसतं, माझं वर्षातून एकदा दिसलं. त्याच बर्म्युडात तुम्ही चौपाटीवर फेरी मारता तेव्हा लोक म्हणतात, काका काय फिट आहेत! तुम्ही केसांना कलप लावलात त्या महिन्यात तर तुमचं कौतुक मिटिंगच्या आधी झालं आणि हिशेब नंतर मांडले. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही, छान दिसता. एवढंच सांगते की तुमच्या वयाला काय शोभतं यावर आजवर एकही मेसेज फिरलेला नाही.

आता जरा खाली गेटपाशी या. सकाळी साडेनऊला मासे घेऊन येणारी मावशी सत्तरीच्या पुढची आहे. जांभळ्या जमिनीवर हाताच्या पंजाएवढी पिवळी फुलं असलेलं लुगडं, कासोटा मारून घट्ट नेसलेलं, पोटऱ्या उघड्या, गळ्यात सोनं, अंबाड्यावर अबोलीची वेणी. पाटी उतरवताना ती दंडाचा जोर लावते तेव्हा चोळीची बाही ताणते. तिला आजवर कुणी म्हणालं, मावशी, वयाला शोभेल असं नेस? उलट आपल्यातल्याच एकीनं तिचा फोटो काढून स्टेटसला ठेवला होता, 'आपली मुंबई' म्हणून. तो फोटो मलाही आवडला. मात्र तेच लुगडं मी नेसून भोंडल्याला आले तर अंगठे पडतील की नाही, याची मला शंका आहे.

आणि नऊवारीचं म्हणाल, तर आपला हा टॉवर उभा राहायच्या आधी याच जागेवर तीन मजली चाळ होती, तिथं मी वाढले. माझी आजी पहाटे नळावर हंडे भरायची. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पुढं गाठ मारलेली चोळी, मधे पोट मोकळं. साठीची बाई. बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून पुरुष दात घासत उभे असायचे. आजीचं कुणी काही बघितलं नाही, कारण ती काम करत होती. आज गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत पोरी शिवलेली नऊवारी, फेटा आणि गॉगल घालून बुलेटवर बसतात आणि आपण सगळे खिडक्यांतून फुलं उधळतो. तेच वस्त्र. काम करणाऱ्या म्हातारीच्या अंगावर दिसत नाही आणि तरुण मुलीच्या अंगावर दिसलं की संस्कृती होतं. मधल्या चाळीस वर्षांत त्या वस्त्राचं आणि त्या बाईचं काय होतं, हा खरा प्रश्न आहे.

यावर मी बराच विचार केला आहे. हलके रंग, बारीक काठ, अंगभर पदर, दागिन्यांत एक पातळ साखळी : वय झालेल्या बाईसाठी आपण जे 'सोबर' म्हणतो ते मुळात कुणाचे कपडे होते? मला वाटतं, विधवेचे. विधवेनं नेसायचं आलवण गेलं, तिचं केशवपन गेलं, पण त्याची पातळ केलेली आवृत्ती आपण सगळ्याच पन्नाशीपुढच्या बायकांना वाटून दिली. आधी नवरा गेला की रंग जायचे. आता नवरा हयात असो नसो, पाळी गेली की रंग गेले पाहिजेत.

आपण गिरगावात राहतो, म्हणून इथलंच सांगते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन ही विधवांची शाळा काढली ती चौपाटीजवळ, आपल्या टॉवरपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं आणि बहिष्कार ओढवून घेतला. १८९० मध्ये याच शहरात कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं न्हाव्यांनीच ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला, हे मला फार मोठं वाटतं.

आणि रखमाबाई. नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं मुंबईच्या कोर्टानं १८८७ मध्ये सांगितलं तेव्हा तुरुंग चालेल म्हणालेली बाई. पुढं लंडनला जाऊन डॉक्टर झाली. ज्या नवऱ्याकडे ती कधी नांदली नाही तो १९०४ मध्ये वारला, आणि ही पांढरं लुगडं नेसायला लागली. चाळिशीची, कमावती, डॉक्टर. कोर्टाला न भ्यालेली बाई कपड्यांच्या बाबतीत का वाकली असेल, हे मला खूप वर्षं कळत नव्हतं. तुमचा मंगळवारचा मेसेज वाचल्यावर थोडं कळलं. कोर्टाचा हुकूम कागदावर येतो, त्यावर अपील करता येतं. अंगठ्यांवर अपील कुठं करायचं?

पण तुम्हाला दोष देऊन मी हात झटकत नाही. कारण मी हे स्वतः केलेलं आहे, आणि तेही माझ्या आईला.

१९८८ ची दिवाळी. मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती, थकबाकी हातात आली होती आणि मी आईला घेऊन दादरला साडी घ्यायला गेले. गादीवर बसलो. दुकानदारानं पंधरावीस साड्या फटाफट उलगडून टाकल्या. त्यात एक पोपटी नारायणपेठ होती, राणी रंगाच्या काठाची. आईचा हात तिच्यावर गेला आणि तिथंच राहिला. ती काही बोलली नाही, नुसती दोन बोटांत काठ धरून त्याचा पोत बघत होती. दुकानदारानं पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवला. मी २६ वर्षांची, नुकती पगारवाली, सगळं कळत असलेली. म्हणाले, 'आई, वयाला शोभेल असं घे काहीतरी.' दुकानदार लगेच माझ्या बाजूला झाला. 'बरोबर बोलते मुलगी. हे रंग आता पोरींना सोडा, ताई. डिसेंट दाखवतो.' आईनं तो पदर नीट घडी करून त्याच्याकडे परत दिला. घडी अशी, की जणू साडी तिच्याच कपाटातली होती. मग उदी रंगाची एक घेतली.

परत येताना बसमध्ये पुडकं मांडीवर धरून ती खिडकीबाहेर बघत होती. परळ गेलं, लालबाग गेलं. भायखळ्याला म्हणाली, 'काठ छान होता.' एवढंच.

ती तेव्हा ५२ वर्षांची होती. मी आज ६३ आहे.

ती २०११ मध्ये गेली. कपाट आवरताना बघितलं, तर साड्या जणू वर्षांच्या क्रमानं रचलेल्या. तळाशी लग्नातला डाळिंबी शालू, त्यावर गुलबक्षी, मोरपिशी, मग आमसुली, मग ती उदी, आणि सगळ्यात वर, सहज हाताला येतील अशा, मोतिया आणि राखाडी. आणि एक लक्षात घ्या, माझे वडील तिच्या मागून दोन वर्षांनी गेले. ती विधवा एक दिवसही नव्हती.

तिला कुणी सक्ती केली नव्हती. नोटीस लावली नव्हती. मुलीनं प्रेमानं साडी घेऊन दिली, बस. म्हणून तुमच्या ओळीतल्या 'नम्र विनंती' या शब्दांची मला जास्त भीती वाटते.

आपण हे शिकतो कुठं? थोडं घरात, थोडं पडद्यावर. रिमा लागूंचा जन्म १९५८ चा, सलमान खानचा १९६५ चा. १९८९ मध्ये त्या पडद्यावर त्याच्या आई झाल्या. सात वर्षांचं अंतर! ऐन तिशीतली देखणी बाई काठापदराची साडी नेसून, केस बांधून आई झाली आणि आपण सगळ्यांनी ते मुकाट्यानं मान्य केलं. मला तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं, मीही त्याच वयाच्या आसपास होते. नायक मात्र पन्नाशीत कॉलेजात जातात.

शरीराचंही थोडं बोलू, बायकाबायकांतच आहोत असं समजून. सचिवसाहेब, हा परिच्छेद सोडलात तरी चालेल. पंचेचाळिशी-पन्नाशीत पाळी जाते तेव्हा अंगातून वाफा निघतात. मुंबईची ऑक्टोबरची काहिली, त्यात अस्तर लावलेला, कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज, त्यावर घट्ट नाडीचा परकर. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी कमरेवर वर्षानुवर्षं घट्ट आवळलेल्या नाडीनं आणि लुगड्यानं झालेल्या जखमेचा पुढं कॅन्सर झालेल्या दोन बायकांची माहिती छापली. दोघीही साठी-सत्तरीच्या. म्हणून उद्यापासून कुणी साडी सोडा असं मी म्हणत नाही. मी स्वतः साडीवेडी आहे. पण 'शालीन' म्हणताना त्याच्या आत कुणाचं तरी अंग असतं हे आठवलं तर बरं. नवव्या मजल्यावरच्या ताई जीन्स घालतात त्या हौसेनं नव्हे. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून निऱ्या पायात येतात म्हणून. हे त्यांनी तुम्हाला का सांगावं?

प्रसंगाचं भान मलाही कळतं. मयताला मी झगमगीत नेसून जाणार नाही, कोणीच जात नाही, विशीतली मुलगीही नाही. तो नियम प्रसंगाचा, वयाचा नव्हे. तसंच आमच्या बँकेतली माझी एक मैत्रीण पन्नाशीनंतर मनापासून पांढऱ्या-करड्यात रमली. तिच्या कलकत्ता कॉटन अशा कडक असतात की शेजारी बसायची हिंमत होत नाही. तिला कुणी 'आजी, जरा कूल व्हा, वनपीस घाला' म्हणून छळलं तर त्याही पोराला मी हेच पत्र पाठवीन. हल्ली तो एक नवाच जाच निघालाय, साठीत चाळिशीचं दिसलंच पाहिजे.

मला खटकतं ते हे की ही ओळ बायकांनी लिहिली. आपल्यात हे नवं नाही. नवी मुंबईतल्या गोठिवली गावात २०१४ मध्ये महिला मंडळानंच फर्मान काढलं होतं : दिवसा गाऊन घालून घराबाहेर दिसलात तर ५०० रुपये दंड. (मुंबईत गाऊनवर ओढणी टाकली की बाई पूर्ण कपड्यांत धरतात, ही सोय त्यांना कुणी सांगितली नसावी.) आणि दुसरीकडे कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड बघा. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. मागोमाग राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. शिरोळ तालुक्यातलं एक गाव ठराव करून रंग परत देतं, आणि गिरगावातला २२ मजल्यांचा टॉवर मेसेज करून ते काढून घेतो.

गंमत म्हणजे तुमच्याच मेसेजच्या वरच्या अर्ध्या भागात नऊ रंग आहेत. ही रीत काही पुराणातली नाही, वीसेक वर्षांपूर्वी एका मराठी दैनिकानं ती रुजवली. पण त्या नऊ दिवसांत चर्नी रोडला लेडीज डब्यात चढून बघा. केशरी म्हटलं की अख्खा डबा केशरी. कॉलेजची मुलगी, निवृत्तीला महिना उरलेली बाई, क्लिपा आणि कानातली विकणारी, सगळ्या त्याच रंगात. कुणी कुणाला वय विचारत नाही, फक्त 'ही कुठून घेतली गं?' एवढं विचारतात. नोकरीत असताना त्या नऊ दिवसांची मी वर्षभर वाट बघायची. तेवढेच दिवस मला रंग वयामुळं अडत नव्हता.

तर माझं मागणं छोटं आहे. मेसेजमधली ती शेवटची ओळ काढून बाकीचा मेसेज पुन्हा टाका. माफी वगैरे नको, त्यानं उगाच चहापान होतं आणि खर्च मेंटेनन्समध्ये येतो. ज्या नऊ जणींनी अंगठा दिला त्यांच्यातल्या दोघी पन्नाशीच्या उंबऱ्यावर आहेत. त्यांनी फक्त एकदा आपापलं कपाट उघडून वरची घडी कुठल्या रंगाची आहे ते बघावं.

भोंडल्याला मी येते आहे. पाटावर हत्ती मी काढून आणीन. पहिल्या दिवशीची खिरापत माझ्याकडे आहे, डबा हलवून ओळखा, वाटली डाळ नाही आणि करंज्याही नाहीत. साडी ओळखायची गरज नाही. पोपटी आहे, राणी काठाची, गेल्या महिन्यात दादरहून आणली. ब्लाउज शिवायला टाकलाय. मास्तरनं विचारलं, बाही किती ठेवू? म्हटलं, ठेवूच नका.

आपली,
एक सभासद, तेरावा मजला
वय ६३

ता. क. वर्गणीचे ५०० रुपये आज सकाळीच ऑनलाइन भरले आहेत. पावती अजून आलेली नाही.